पंधरा महिने आणि पंधरा वर्षं

साशंक : आडपडदा न ठेवता सांगतो. उद्या एखाद्या उद्योजकाने दहा कोटींची कायम ठेव ठेवली, तिच्या व्याजावर टाटा मेमोरियलच्या खारघरमधल्या ॲक्ट्रेक या संशोधन केंद्रात मेंदूच्या कर्करोगावर संशोधन करणाऱ्या डॉक्टरसाठी अध्यासन काढलं आणि त्याला वडिलांचं नाव दिलं, तर तुम्ही समारंभाला जाल. मी जाणार नाही. अध्यासनं आपण महाराष्ट्रात पुष्कळ पाहिली. संतांची, समाजसुधारकांची, नेत्यांची. काही खरोखर काम करतात. बाकीच्यांच्या वाट्याला जयंतीचं व्याख्यान, एक स्मरणिका आणि दार उघडायला शिपाई येतो. पण माझा मुख्य आक्षेप तो नाही. खारघर पनवेल तालुक्यात, म्हणजे रायगड जिल्ह्यात येतं. त्याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला श्रीवर्धन आणि म्हसळा आहे. तिथल्या माणसाचं पहाटे डोकं ठणकायला लागतं, उलट्या होतात, पित्ताच्या गोळ्या होतात, चष्म्याचा नंबर तपासून होतो. मग एक दिवस फीट येते, तेव्हा कुठे सीटी स्कॅन निघतो आणि कोणीतरी म्हणतं, ‘टाटाला न्या.’ त्या माणसासाठी दहा कोटींत काय काय करता येईल याचा हिशेब आधी मांडा, मग अध्यासनाचं बोला.

समर्थक : हिशेब मांडू, पण रोगाचा स्वभाव पाहून. तोंडाचा कर्करोग लवकर कळला तर माणूस वाचतो. तिथे तुमचं म्हणणं बिनतोड आहे. ग्लायोब्लास्टोमा या मेंदूच्या कर्करोगाचं तसं नाही. सर्जनने दिसणारी गाठ सगळी काढली, तरी कडेच्या निरोगी दिसणाऱ्या मेंदूत तिच्या पेशी उरलेल्याच असतात, आणि तिथे सुरी फार पुढे नेली तर माणसाची वाचा किंवा हातपाय जातात. २००५ मध्ये युरोप आणि कॅनडातल्या डॉक्टरांनी एका मोठ्या चाचणीचा निकाल प्रसिद्ध केला. नुसतं रेडिएशन घेतलेल्यांपैकी निम्मे रुग्ण १२.१ महिन्यांत गेले होते. सोबत टेमोझोलोमाइडच्या गोळ्या घेतलेल्यांत ती मुदत १४.६ महिन्यांवर गेली. त्या अडीच महिन्यांवर आजही जगभरचा नेहमीचा उपचार उभा आहे. लवकर निदान झालं तर फीट आटोक्यात येईल, माणूस शुद्धीत असताना ऑपरेशनला पोचेल, आणि ते व्हायलाच हवं. पण त्याने पंधरा महिन्यांची पंधरा वर्षं होणार नाहीत. त्यासाठी कोणीतरी शोधत बसावं लागेल, आणि शोधाची चाल फार संथ आहे. ग्लायोमा वर्गातल्या मेंदूच्या काही गाठींमध्ये आयडीएच नावाच्या जनुकात बदल असतो हे २००८ मध्ये कळलं. त्या बदलावर नेमकं काम करणारं व्होरासिडेनिब हे औषध अमेरिकेत मंजूर झालं ऑगस्ट २०२४ मध्ये, तेही सावकाश वाढणाऱ्या गाठींसाठी. मध्ये सोळा वर्षं गेली. तीन-तीन वर्षांच्या ग्रँटवर एवढा काळ कोण काढणार?

साशंक : सरकारी पगारावर काढता येतो, आणि काढलेला आहे. टाटा मेमोरियलमध्येच लहान मुलं आणि तरुण रुग्णांवर एक चाचणी झाली. सौम्य किंवा सावकाश वाढणाऱ्या मेंदूच्या गाठी असलेले २०० रुग्ण त्यांनी २००१ ते २०१२ या काळात घेतले. निम्म्यांना नेहमीच्या पद्धतीने रेडिएशन दिलं, निम्म्यांना गाठीच्या आकाराबरहुकूम नेमकं दिलं, आणि पुढची पाच वर्षं त्यांची बुद्धी, स्मरण, संप्रेरकं तपासत राहिले. नेमक्या रेडिएशनने मुलांची बुद्धी जास्त टिकते, हे त्यांनी २०१७ मध्ये अमेरिकेच्या नामांकित नियतकालिकात दाखवून दिलं. तिथेही सोळा वर्षंच. टाटा मेमोरियल १९६२ पासून अणुऊर्जा खात्याकडे आहे. कामाला पगार, पेन्शन आणि संस्था पुरली. दुसरं उदाहरण तुमच्या-माझ्या किनाऱ्यावरचं. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, कुलाब्याची चुंबकीय मोजमापं बिघडणार, म्हणून १९०४ मध्ये वेधशाळा अलिबागला हलवली. तेव्हापासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची नोंद तिथे चालू आहे. राज्य बदललं, कुलाबा जिल्ह्याचा रायगड झाला, माणसं निवृत्त झाली, नोंद चालू राहिली. दीर्घ काम संस्था करते. त्यासाठी खुर्चीवर कोणाचं नाव कोरावं लागत नाही.

समर्थक : अलिबागचं उदाहरण माझ्या बाजूचंही आहे. तिथे काय मोजायचं ते एकदा ठरलं. त्यानंतर शिस्तीचा कोणीही माणूस ते मोजू शकतो. संस्था ठरलेलं काम उत्तम टिकवते. पण काय मोजायचं हेच ठाऊक नसतं, चार वर्षं एका दिशेला गेल्यावर ती दिशा सोडून द्यावी लागते, तेव्हा टिकवायचा असतो प्रश्न, आणि प्रश्न एखाद्या माणसाच्या डोक्यात असतो. त्या माणसाचा आठवडा पाहा. ओपीडी, ऑपरेशन, राउंड, ट्यूमर बोर्ड, निवासी डॉक्टरांना शिकवणं, परीक्षा, खरेदीची फाइल. प्रयोगशाळेसाठी उरतो रविवार. तुम्ही सांगितलेली चाचणी पार पडली ती काही लोकांनी आपले रविवार घातले म्हणून. व्यवस्थेने त्यांना ते दिले नव्हते. त्या चाचणीचे प्रमुख डॉक्टर पुढे चेन्नईच्या खासगी प्रोटॉन किरणोपचार केंद्रात गेले. त्यांच्या कारणांत शिरायचा मला अधिकार नाही आणि तो दोषही नव्हे. पण चांगल्या डॉक्टरला बाहेर मोकळं आकाश दिसत असताना आत राहण्यासाठी त्याच्या हातात आपण काय ठेवतो? कलकत्ता विद्यापीठाला तारकनाथ पालितांनी देणगी दिली, तिच्यातून पदार्थविज्ञानाचं पालित अध्यासन निघालं, आणि १९१७ मध्ये सी. व्ही. रामन भरपगाराची सरकारी हिशेबखात्याची नोकरी सोडून कमी पगारात तिथे गेले. पगार कमी होता, वेळ मात्र त्यांचा स्वतःचा होता.

साशंक : रामन यांचं नाव घेतलं की वाद संपला असं होत नाही. अशा किती खुर्च्यांवर रामन बसले नाहीत, त्यांची यादी कोणी ठेवत नाही. आता तुमच्या दहा कोटींचा हिशेब. सात टक्के व्याज धरलं तर वर्षाला सत्तर लाख. सगळे खर्च केले तर वीस वर्षांत महागाई ठेवीचा भुगा करेल. म्हणून निम्मे परत ठेवीत टाकायचे. हातात राहतात पस्तीस-चाळीस लाख. अमेरिकेतली विद्यापीठंही ठेवीच्या चार-पाच टक्क्यांहून जास्त काढत नाहीत, ती याच धाकाने. चाळीस लाखांत एक पगार आणि एक साहाय्यक. गाठीच्या पेशींचं जनुकवाचन, उंदीरघर, रसायनं यांचा खर्च कुठून येणार? म्हणजे अध्यासनाचा मानकरी पुन्हा ग्रँटसाठी अर्ज लिहीत बसणार. फक्त आता लेटरहेडवर एक नाव वाढलेलं असेल.

समर्थक : पगार सरकार देतंच आहे. ठेवीच्या व्याजातून त्याच्या ओपीडीला बसणारा दुसरा डॉक्टर नेमायचा, म्हणजे मुख्य डॉक्टरचे आठवड्यातले तीन दिवस मोकळे होतात. एक माणूस नमुने आणि नोंदी सांभाळायला. चाळीस लाखांत हे बसतं. रसायनांसाठी ग्रँट मिळतात. मोकळ्या दिवसासाठी कोणी ग्रँट देत नाही. आणि असा पैसा व्यक्तीनेच का द्यायचा, तेही पाहा. मोठ्या कंपन्यांना कायद्याने नफ्याचे २ टक्के समाजकार्यावर घालावे लागतात. पण जानेवारी २०२१ पासून एखाद्या संस्थेच्या कायम निधीत टाकलेली रक्कम त्यात धरत नाहीत, आणि चालू प्रकल्पही सुरुवातीचं वर्ष सोडून तीन वर्षांत पुरा करायचा असतो. त्यामुळे कंपन्यांचा पैसा इमारतीत आणि यंत्रात जातो. २०२३ मध्ये आयसीआयसीआय बँकेने टाटा मेमोरियलला १२०० कोटी जाहीर केले ते नवी मुंबई, पंजाबातलं मुल्लनपूर आणि विशाखापट्टणम इथल्या इमारती आणि यंत्रांसाठी. चांगलंच केलं. त्याच वर्षी मे महिन्यात खारघरच्या प्रोटॉन केंद्राचं लोकार्पण झालं. मुलाच्या डोक्याला आणि मणक्याला रेडिएशन द्यायचं तर पुढचे अवयव वाचवणारं यंत्र आता पनवेलच्या खाडीजवळ आहे. पण त्या यंत्रापुढे बसून ‘या मुलाला एवढा डोस खरंच लागतो का?’ असं दहा वर्षं विचारत राहणाऱ्या माणसासाठी कायद्यात रकाना नाही.

साशंक : सरकार आणि कंपनी देत नाहीत म्हणून व्यक्तीकडे जायचं, तर व्यक्तीच्या मर्जीचंही बोलायला हवं. माणूस आपल्या घरातल्या दुःखाप्रमाणे रोग निवडतो. मेहेरबाई टाटा १९३१ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने गेल्या, त्यांचे पती दोराबजींनी पुढच्या वर्षी त्यांच्या नावाचा ट्रस्ट काढला, आणि तो आजही रक्ताच्या कर्करोगाच्या संशोधनाला पैसा देतो. आदर वाटतो. पण दुःखाने निवडलेला रोग आणि देशाला छळणारा रोग एकच असेल असं नाही. सगळ्या कर्करोगांत मेंदूच्या गाठींचा वाटा २ टक्क्यांच्या आसपास. टाटा मेमोरियलच्याच डॉ. सुरेंद्र शास्त्रींनी मुंबईच्या झोपडपट्ट्यांतल्या सुमारे दीड लाख बायकांवर चाचणी केली. दहावी झालेल्या आरोग्यसेविकांनी व्हिनेगर लावून गर्भाशयमुखाची तपासणी केली, आणि त्या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. खुर्चीला ठेवलेल्या पैशात अशा किती आरोग्यसेविका किनाऱ्यावरच्या गावांतून फिरतील?

समर्थक : ती चाचणी सुरू झाली १९९८ मध्ये आणि निकाल जाहीर झाला २०१३ मध्ये. पंधरा वर्षं कोणीतरी तो प्रश्न धरून बसलं होतं, पैसा अमेरिकेच्या सरकारी आरोग्यसंस्थेचा होता. म्हणजे व्हिनेगरच्या बोळ्यामागेही कोणाचा तरी राखून ठेवलेला वेळ होता. राहिली दुःखाची गोष्ट. १९३१ मध्ये रक्ताचा कर्करोग आजच्या ग्लायोब्लास्टोमाइतकाच बंद दरवाजा होता. आज चांगल्या केंद्रात लहान मुलांचा ल्युकेमिया बहुतेक वेळा बरा होतो. एका ट्रस्टने ते केलं असं मी म्हणणार नाही. पण आकडेवारीच्या न्यायाने त्या वेळी कोणीच तिकडे पैसा टाकला नसता. देणगीदाराच्या अटीसुद्धा नेहमी हट्टाच्या नसतात. परळला १९२६ मध्ये सुरू झालेल्या सेठ गोर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेजला देणगी मिळाली ती ‘इथे शिकवणारे भारतीयच असतील’ या अटीवर. त्या काळचं सरकार ही अट घालूच शकत नव्हतं. खासगी पैशाला सरकारला न सुचणारी गोष्ट करता येते, तिथेच त्याचा उपयोग.

साशंक : आता आपण खऱ्या उदाहरणाशी आलो. खारघरला नावाचं अध्यासन आहेच, आणि सरकारला न सुचणारी गोष्टही तिथे चालू आहे. डॉ. अर्नेस्ट बोर्जेस, मूळचे गोव्याचे, टाटा मेमोरियलचे नाणावलेले सर्जन. परळला हॉस्पिटलच्या रस्त्याला त्यांचं नाव आहे. त्यांच्या नावाच्या अध्यासनावर डॉ. इंद्रनील मित्रा काम करत आले. तेही मुळात सर्जन, स्तनाच्या कर्करोगाचे. मरणाऱ्या पेशींतून सुटलेले क्रोमॅटिनचे, म्हणजे डीएनए आणि प्रथिनांचे, कण निरोगी पेशींत शिरतात आणि रोग पसरवतात, असा त्यांचा सिद्धांत आहे. त्यावर उतारा म्हणून द्राक्षांत वगैरे सापडणारं रेझव्हेराट्रॉल आणि अगदी किंचित तांबं. या दोघांपासून ऑक्सिजनचे असे रॅडिकल तयार होतात की ते त्या कणांना निकामी करतात, असं ते मांडतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये काय झालं आठवतं? ‘टाटाची शंभर रुपयांची गोळी, कर्करोग परत येऊ देणार नाही’ अशा बातम्या सगळ्या वाहिन्यांवर झळकल्या. तोवरचा पुरावा बराचसा उंदरांवरचा होता, माणसांवरचे अभ्यास लहान होते, मंजुरी यायची होती. देशभरच्या कर्करोगतज्ज्ञांनी हरकत घेतली. म्हसळ्याच्या माणसाला उंदीर आणि माणूस यातला फरक बातमीत दिसत नाही. त्याला ‘टाटा’ दिसतं. अध्यासन वेळ देतं, असं तुम्ही म्हणता. ते वजनही देतं, आणि ते वजन पुराव्याच्या आधी बाजारात पोचतं.

समर्थक : त्या बातम्यांचं समर्थन मी करणार नाही. पण गोळीची घोषणा आणि गोळीचं संशोधन या दोन गोष्टी आहेत. संशोधन कुठवर आलं ते पाहा. २०२५ मध्ये त्यांच्या गटाने ग्लायोब्लास्टोमाच्या २० रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातल्या दहा जणांना ऑपरेशनआधी सरासरी साडेअकरा दिवस, दिवसातून चार वेळा ती गोळी दिली. दहा जणांना दिली नाही. मग काढलेल्या गाठी शेजारी ठेवून तपासल्या. पेशी किती वेगाने वाढतात ते दाखवणारी खूण गोळीवाल्या गाठींत जवळजवळ एक तृतीयांशाने कमी होती. हा उपचार ठरत नाही. पण पुढे विचारण्याजोगा प्रश्न ठरतो. आता सांगा, द्राक्षातलं द्रव्य आणि तांबं यांचं पेटंट घेऊन कोणती औषध कंपनी यावर पैसा लावेल? कोणती ग्रँट समिती मुख्य प्रवाहाच्या इतक्या बाहेरच्या सिद्धांताला दहा वर्षं पोसेल? चुकीचा असेल तर चुकीचा ठरेल, पण ठरायला आधी तपासला तर पाहिजे. अध्यासन नसतं तर तो कोणीतरी नाकारलेल्या प्रस्तावांच्या फाइलीत संपला असता.

साशंक : तो चुकीचा ठरवणार कोण? त्याच खुर्चीवरचा माणूस? वीस रुग्ण, दोन आठवड्यांहून कमी औषध, आणि मोजली ती गाठीतली खूण. कोण किती जगलं ते नाही. पुढची पायरी म्हणजे दुसऱ्या कोणीतरी, दुसऱ्या शहरात, या सिद्धांताशी काही देणंघेणं नसताना, हेच करून पाहणं. अध्यासनाच्या दानपत्रात त्या दुसऱ्या माणसासाठी पैसा नसतो. माणूस एका कल्पनेत पंधरा वर्षं घालतो तेव्हा ती कल्पना त्याला मुलासारखी होते, आणि आपल्या मुलाची परीक्षा कोणी कडक घेत नाही. हे कुणा एकाविषयी म्हणत नाही. मला तशी खुर्ची दिली तर मीही तसाच होईन.

समर्थक : मग दानपत्रच नीट लिहू. प्रत्येक मानवी चाचणी सुरू करण्याआधी सार्वजनिक नोंदवहीत नोंदवायची. निकाल उलटा आला तरी ठरलेल्या मुदतीत छापायचा. व्याजाचा एक हिस्सा बाहेरच्या गटाला द्यायचा, तोही निकाल पुन्हा तपासण्यासाठीच. पाच वर्षांनी बाहेरचे तज्ज्ञ येऊन आढावा घेतील.

साशंक : आणि आढाव्यात ‘पाच वर्षांत काही हाती लागलं नाही’ असं दिसलं तर? खुर्ची काढून घ्याल? मग ती पाच वर्षांची ग्रँट झाली, आणि तुमचा रविवार, तुमचे रामन, तुमची सोळा वर्षं सगळं हवेत गेलं. नाही काढून घेणार? मग आढावा कशाला? तुम्हाला स्वातंत्र्यही हवं आणि लगामही. दोन्ही एका हातात कसे धरणार?

समर्थक : निकालाचा आढावा घ्यायचा नाही, रीतीचा घ्यायचा. उत्तर चुकलं म्हणून खुर्ची जाणार नाही. नोंद लपवली, उलटा निकाल दडपला, पुराव्याआधी जाहिरात केली, तर जाईल.

साशंक : कागदावर हे शोभतं, आणि बरंचसं मान्यही करतो. पण मग ‘डॉक्टर-संशोधक’ नावाच्या एका माणसाभोवतीच हे सगळं का गुंफता? खारघरमधलं दुसरं काम आठवा. मेड्युलोब्लास्टोमा ही मुलांच्या लहान मेंदूत होणारी गाठ. सूक्ष्मदर्शकाखाली एकसारख्या दिसणाऱ्या या गाठी जनुकांवरून पाहिल्या तर चार गटांच्या निघतात, यावर २०१२ पर्यंत जगात एकमत झालं. एका गटातली मुलं बहुतेक वाचतात, दुसऱ्यातली पुष्कळदा दगावतात; कोणाला जास्त रेडिएशन द्यायचं आणि कोणाला कमी, हे त्यावरून ठरू शकतं. पण ही तपासणी महाग होती आणि ताज्या गोठवलेल्या नमुन्यावर सोपी होती. ॲक्ट्रेकमधल्या डॉ. नीलम शिरसाट यांच्या प्रयोगशाळेने मोजकी जनुकं आणि सूक्ष्म आरएनए निवडून अशी चाचणी बसवली, की कुठल्याही पॅथॉलॉजी विभागात मेणात जपलेल्या तुकड्यावरही ती चालावी. शिरसाट या प्रयोगशाळेतल्या वैज्ञानिक. ऑपरेशन थिएटर त्यांचं नव्हे. पण २०१३ च्या त्या शोधनिबंधावर सर्जन, पॅथॉलॉजिस्ट, रेडिएशनवाले अशी सगळ्यांची नावं आहेत. काम चौघांनी मिळून केलं. तुम्ही खुर्ची ठेवणार एकच, आणि ती डॉक्टरला. बाकीचे तीन उभे राहणार.

समर्थक : हा तुमचा सगळ्यांत जड आक्षेप आहे, आणि त्याचं पूर्ण उत्तर माझ्याकडे नाही. अर्धं देतो. ते चौघं एकमेकांना सापडले कारण परळ आणि खारघर एका छताखालच्या संस्था आहेत. बहुतेक ठिकाणी सर्जनला प्रयोगशाळेची भाषा कळत नाही, वैज्ञानिकाला वॉर्डातला प्रश्न दिसत नाही. सोमवारी ओपीडीत ज्या बाईचा उजवा हात लुळा पडताना पाहिला, तिच्याच गाठीच्या पेशी गुरुवारी तपासणारा माणूस वेगळा प्रश्न विचारतो. ‘ही पेशी कशी वाढते?’ यापेक्षा ‘रेडिएशननंतर हिच्यातली कोणती पेशी उरली आणि ती का उरली?’ हा प्रश्न त्याच्या डोळ्यांसमोर उभा असतो. असा दुभाष्या तयार व्हायला वैद्यकीय शिक्षणाची दहा-बारा वर्षं आणि वर पाच-सहा वर्षं प्रयोगशाळेची लागतात. आपल्याकडे तो तयार होत नाही, कारण तयार झाल्यावर त्याला बसायला जागा नाही. मी ती जागा मागतोय. चौघांना मिळून एक अध्यासन द्या म्हणत असाल, तर तेही चालेल. पण चौघांची खुर्ची कोणाचीच राहत नाही, हा अनुभव तुम्हालाही आहे.

साशंक : आहे. तरी मी पैशाचा मोठा भाग वेगळ्याच ठिकाणी ठेवीन. आपल्याकडचे अभ्यास कुठे फसतात? रुग्ण गावी जातो आणि हरवतो. फोन बदलतो, घरचे येण्याचं टाळतात, रुग्ण गेला तरी हॉस्पिटलला कळत नाही. तुमच्या १४.६ महिन्यांसारखा आकडा काढायचा तर शेवटचा दिवस ठाऊक असावा लागतो. त्यासाठी मुरुड-श्रीवर्धनच्या एसटीत बसून घरापर्यंत जाणारा सामाजिक कार्यकर्ता हवा, वीस वर्षं टिकणारा. त्याच्या नावाने कोणी अध्यासन काढत नाही.

समर्थक : त्याचा पगार अध्यासनाच्या पहिल्या कलमात घाला, मी सही करतो. त्याच्याशिवाय डॉक्टरचा मोकळा दिवस पोकळ आहे. पण दिसतंय का, आपण आता पैसा कुठे घालायचा यावर भांडत नाही. वेळ द्यायचा हे तुम्ही मान्य केलंत, माणसावर एकट्यावर सोडायचा नाही हे मी मान्य केलं.

साशंक : भांडण तिथून हललं आहे, मिटलेलं नाही. उरलेली गाठ सांगतो. ग्लायोब्लास्टोमाच्या रुग्णाकडे पंधरा महिने असतात, अध्यासनाकडे पंधरा वर्षं. रुग्ण आपल्या गाठीचा तुकडा देतो, रक्त देतो, उरलेल्या दिवसांतले काही दिवस एमआरआयच्या रांगेत घालवतो. त्यातून जे निघेल ते त्याच्या उपयोगाचं नसेल, हे त्यालाही ठाऊक असतं. मग त्या पंधरा वर्षांवर त्याचा काही हक्क आहे की नाही? मी म्हणतो, दानपत्रातच लिहा: देखरेखीच्या समितीत रुग्णांच्या घरची माणसं असतील, आणि ‘हे थांबवा’ म्हणण्याचा अधिकार त्यांना असेल. वाहिन्यांवर जायच्या आधी निकाल त्यांच्यापुढे ठेवावा लागेल. मुंबईच्या त्या व्हिनेगरच्या चाचणीतल्या तपासणी न झालेल्या गटाविषयी बाहेरून नैतिक आक्षेप आले, तेही उशिरा. आत बसलेल्या कोणाला ते आधी विचारता आले असते.

समर्थक : इथे मी थबकतो. ज्या घरात माणूस जायच्या वाटेवर आहे, ते घर थांबवा म्हणणार नाही. ते घर ‘लवकर द्या’ म्हणेल. शंभर रुपयांच्या गोळीची बातमी डोळ्यांत पाणी आणून कोणी ऐकली? त्याच लोकांनी. समितीवर त्यांना बसवलं तर घाईच्या बाजूचं मत वाढेल, सावधपणाच्या नव्हे. ‘थांबा’ हा शब्द ज्याला घाई नाही त्यालाच उच्चारता येतो.

साशंक : आणि ज्याला घाई नाही, त्याला त्या पंधरा महिन्यांची किंमत कळत नाही. तज्ज्ञ तज्ज्ञाला थांबवत नाही, आज तो दुसऱ्याच्या शोधनिबंधाचा परीक्षक असतो, उद्या त्याचा शोधनिबंध दुसऱ्याकडे जायचा असतो. विश्वस्त थांबवत नाहीत, त्यांना वडिलांच्या नावाची बातमी हवी असते. सरकार थांबवतं, पण फाइल हरवून. दोनच जण उरतात: ज्याला वेळ नाही तो रुग्ण, आणि जो अजून आजारी पडलेला नाही तो सामान्य माणूस. दोघांपैकी एकाला तरी त्या टेबलाशी बसवल्याशिवाय मी दहा कोटींच्या चेकवर विश्वास ठेवणार नाही.

समर्थक : मी ठेवीन. ती एक ओळ कोरी ठेवून मी अध्यासन सुरू करीन. पहिल्या पाच वर्षांत कोणाचं ‘थांबा’ खरं ठरतं ते पाहून ती भरीन. कोण थांबवणार हे ठरेपर्यंत कोणीच बसायचं नाही म्हटलं, तर २००५ चे ते अडीच महिने आणखी वीस वर्षं अडीचच राहतील.

साशंक : ती ओळ कोरी राहिली तर पहिल्या पाच वर्षांतच कोणीतरी ती आपल्या सोयीने भरलेली असेल. माझी सही त्या ओळीनंतर.